घोट्यावर ठोका मारला, पण बाबांचा पाय हललाच नाही

पत्र: नमस्कार डॉक्टर ताई, आम्ही नाशिक जिल्ह्यात राहतो. माझे वडील ६७ वर्षांचे आहेत, १४ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. माळकरी आहेत, दरवर्षी निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला पायी जातात आणि तेही अनवाणी. गावात तपासणी शिबिर होतं, तिथल्या डॉक्टरांनी हातोडीने गुडघ्यावर आणि टाचेच्या मागे ठोकून बघितलं आणि कागदावर लिहिलं, ‘अँकल जर्क दोन्हीकडे ॲबसेंट, नी जर्क वन प्लस, प्लँटर फ्लेक्सर’. गर्दी होती, काही विचारताच आलं नाही. घरी आल्यावर मी लाटण्याने माझ्या गुडघ्यावर मारून बघितलं तर माझाही पाय उडत नाही, आणि माझ्या १२ वर्षांच्या मुलाचा मात्र जोरात उडतो. व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आलाय, त्यात सांगतात की पाय जितका जोरात उडेल तितकी नर्व्हस सिस्टिम तरुण, आणि नसा परत चालू करायला तेल आणि गोळ्यांचा कोर्स करा. बाबांच्या नसा गेल्या का? माझ्याही? मुलाला काही आजार आहे का? आणि बाबांना यंदा वारीला पाठवायचं की नाही?
— काळजीत पडलेली लेक

उत्तर:

ताई, आधी तुमच्याबद्दल आणि मुलाबद्दल सांगते म्हणजे निम्मी काळजी तिथेच उतरेल. तुम्हाला हातापायात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, चालताना तोल जाणं असलं काही नसेल तर लाटण्याच्या ठोक्यावरून काहीही ठरत नाही. आणि १२ वर्षांच्या मुलाचा पाय जोरात उडतो, दोन्ही पाय सारखेच उडतात, पोरगं धावतंय खेळतंय, तर त्यात आजार शोधू नका. मुलांचे आणि जरा टेन्शनमधे असलेल्या माणसांचे रिफ्लेक्स जोरदार असतातच. बाबांचं मात्र नीट बघायला हवं, घाबरून नाही पण टाळूनही नाही, आणि माझं बरंचसं उत्तर त्यांच्याबद्दलच आहे.

पण हा ठोका नक्की काय तपासतो ते आधी समजून घ्या, नाहीतर ‘ॲबसेंट’ हा शब्द उगाच झोप उडवतो. गुडघ्याच्या वाटीच्या खाली एक जाड दोरीसारखा भाग हाताला लागतो, त्याच्यावर ठोका बसला की मांडीचा पुढचा स्नायू झटकन ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक सेन्सर असतात, त्यांचा निरोप नसेतून पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच, मेंदूला न विचारता, उलटा हुकूम येतो की आकस, आणि पाय उडतो, यालाच आम्ही रिफ्लेक्स किंवा जर्क म्हणतो. ठोका बसल्यापासून स्नायू कामाला लागेपर्यंत साधारण एका सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. मोबाईलच्या गेममधे लाल दिवा दिसला की बोट दाबायचं, किंवा वरून सोडलेली पट्टी पकडायची, याला लोक ‘रिफ्लेक्स फास्ट आहेत’ म्हणतात पण ती वेगळी गोष्ट आहे, त्यात डोळे, मेंदू, निर्णय सगळं येतं आणि वेळही त्याच्या दहापट लागतो. त्या व्हिडिओवाल्यांनी तुमच्यासारख्या हजारो घरांत ही दोन्ही एकत्र कालवून ठेवलीयेत असं दिसतंय.

म्हणजे एका ठोक्यात डॉक्टर पूर्ण एक सर्किट तपासतात, स्नायूपासून मणक्यापर्यंत जाणारी नस, मणक्यातला तो ठराविक मजला, आणि परत येणारी नस. गुडघ्याचा ठोका कंबरेच्या तिसऱ्या चौथ्या मणक्याच्या नसांबद्दल सांगतो, टाचेच्या मागचा ठोका, म्हणजेच अँकल जर्क, त्याच्याही खालच्या, ज्याला आम्ही एस वन म्हणतो त्या नसेबद्दल, दंडाचा बायसेप्स मानेच्या पाचव्या सहाव्या नसेबद्दल, कोपराच्या मागचा ट्रायसेप्स सातव्या. म्हणून कंबरेची गादी सरकून एकाच पायात कळ जात असेल आणि त्याच बाजूचा अँकल जर्क गेलेला असेल तर एमआरआय काढायच्या आधीच आम्हाला अंदाज येतो की कुठली नस दाबलीये. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ मधे वेगवेगळं काम करून गुडघ्याच्या या ठोक्याबद्दल लिहिलं, त्याला आता दीडशे वर्षं होऊन गेली, तरी आजही सगळ्यात भारी हॉस्पिटलमधल्या न्यूरोलॉजिस्टच्या खिशात हातोडी असतेच, कारण ही माहिती इतक्या पटकन आणि इतक्या स्वस्तात दुसरं काहीच देत नाही. मला या तपासणीबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच तिचा असा बाजार मांडलेला बघून वाईट वाटतं.

आता कागदावरचे आकडे. शून्य म्हणजे ठोक्याला काहीच हालचाल नाही, वन प्लस म्हणजे कमी, टू प्लस म्हणजे नेहमीसारखं, थ्री प्लस म्हणजे जोरात, आणि फोर प्लस म्हणजे इतकं जोरात की घोटा एकदा वर ढकलला की पाऊल आपोआप थडथड हलत राहतं. परीक्षेच्या मार्कांसारखं हे वाचायचं नाही ताई, चार म्हणजे सगळ्यात चांगलं असं मुळीच नाही, उलट फोर प्लस दिसलं की आम्हीच सावध होतो. मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटा या रिफ्लेक्सना दाबून ताब्यात ठेवत असतात, त्या वाटांना इजा झाली, म्हणजे पॅरालिसिसचा झटका आला किंवा मानेत मज्जारज्जू दाबला गेला, की खालचे रिफ्लेक्स मोकाट सुटल्यासारखे जोरात येतात. एखाद्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीयेत, पाय कडक होऊन चालताना अडखळतायत, लघवीवरचा ताबा सुटतोय, आणि रिफ्लेक्स जोरदार आहेत, तर त्या माणसाची नर्व्हस सिस्टिम तरुण नाहीये, त्याच्या मानेचा एमआरआय लवकर व्हायला पाहिजे. तो व्हिडिओ बघून असा माणूस खुश होऊन घरी बसला तर केवढं नुकसान होईल, मला याचाच राग येतो.

‘प्लँटर फ्लेक्सर’ ही तुमच्या कागदावरची चांगली बातमी आहे. तळपायावर बाहेरच्या कडेने टाचेपासून पुढे रेघ ओढली की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो, तो वर उचलला गेला तर मेंदूपासून मणक्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी बिघाड असतो. पॅरिसच्या बाबिन्स्कीने १८९६ मधे अगदी छोट्याशा लेखात हे सांगितलं आणि त्याच्याच नावाने आम्ही ही खूण ओळखतो. तान्ह्या बाळाचा अंगठा वर जातो, साधारण पहिल्या एक-दोन वर्षांपर्यंत ते नॉर्मल असतं कारण त्या वाटा अजून पूर्ण तयार झालेल्या नसतात. बाबांचा अंगठा खाली वळला म्हणजे वरच्या वाटा ठीक दिसतायत.

मग आम्ही नक्की काय बघतो? मुख्य म्हणजे फरक. उजवा आणि डावा सारखा आहे का, हात आणि पाय यांच्यात फरक आहे का, आधी होता आणि आता गेला असं झालंय का, आणि सोबत ताकद, स्पर्श, चालणं कसं आहे. काही धडधाकट माणसांचे सगळेच रिफ्लेक्स जन्मभर मंद असतात आणि काहींचे सगळेच जोरात, आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. एकट्या ठोक्यावरून कुणाच्या नसांचं भविष्य सांगणं हे कुठल्याच डॉक्टरला जमत नाही, मग व्हिडिओला कसं जमेल.

तुमचा पाय का उडला नाही तेही सांगून टाकते. घरी माणूस खुर्चीवर बसतो, पाय जमिनीला टेकलेला असतो, मनात ‘आता उडतोय का बघू’ चाललेलं असतं आणि मांडी घट्ट असते, वर लाटणं वाटीवरच बसतं, वाटीखाली नाही. पाय अधांतरी लोंबता पाहिजे, मांडी सैल पाहिजे. तरीही आला नाही तर आम्ही पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतो आणि तेवढ्यात ठोका मारतो, येंड्रासिक नावाच्या हंगेरियन डॉक्टरची ही युक्ती आहे, आणि न येणारा रिफ्लेक्स बऱ्याचदा अशाने येतो. शिबिराच्या गर्दीत बाबांचं हे करून बघितलं होतं का कुणास ठाऊक, आणि अँकल जर्क तर तसाही काढायला कठीण, त्यामुळे तो एकदा शांतपणे, खुर्चीवर गुडघे टेकवून पावलं मागे लोंबती सोडून परत तपासायला सांगा. घरी लाटण्याने ठोकत बसू नका, मुलाच्या गुडघ्यावर तर नकोच.

आता बाबा. समजा परत बघितलं तरी अँकल जर्क नाहीच आला. वय ६७, काही वयस्कर माणसांत तो कुठलाही आजार नसताना दोन्हीकडून जातो, हेही खरंय. पण १४ वर्षांची शुगर असताना मी ते वयावर ढकलून मोकळी होणार नाही. शुगरने नसांना इजा होते तेव्हा ती सगळ्यात लांब नसांपासून सुरू होते, आणि शरीरात सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांना जाणाऱ्या. कॅनॉलच्या टेलच्या शेतकऱ्याला जसं पाणी आधी कमी पडतं, वरच्याचं शिवार हिरवं असलं तरी, तसंच हे, म्हणून आधी बोटं बधिर होतात, मग अँकल जर्क जातो, गुडघ्याचा मंद होतो, आणि हात बऱ्याच उशिरा. तुमच्या कागदावर अगदी हाच क्रम आहे, टाचेचा नाही, गुडघ्याचा वन प्लस, दोन्हीकडे सारखं. म्हणजे डायबेटिक न्यूरोपॅथीची शक्यता चांगलीच आहे.

पण दुसरी एक गोष्ट याच्याइतकीच महत्त्वाची आहे आणि ती कृपा करून विसरू नका. बाबा माळकरी, म्हणजे मटण, मासे, अंडं काही नाही, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. बी ट्वेल्व्ह हे व्हिटॅमिन मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळतं, शाकाहारात ते दूध-दह्यातून तेवढंच, आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की त्याचं शोषण कमी होतं. ही कमतरता नसांना आणि मज्जारज्जूलाही मारते, लक्षणं शुगरच्या न्यूरोपॅथीसारखीच, आणि सगळं खापर शुगरवर फुटत राहतं. फरक हा की बी ट्वेल्व्हचं लवकर कळलं तर इंजेक्शन-गोळ्यांनी बरंचसं भरून काढता येतं. तेव्हा बी ट्वेल्व्हची लेव्हल तपासून घ्याच, त्याच वेळी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि थायरॉइडची टीएसएच. थायरॉइड कमी असेल तर अँकल जर्कमधे पाऊल खाली जातं पण परत यायला फार रेंगाळतं, आणि हातोडीवर ते डोळ्यांनी दिसतं. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, गोळीचा दोष नाहीये, फक्त लक्ष ठेवायचं.

व्हिडिओतल्या तेलाने गेलेला रिफ्लेक्स परत येत नाही. बाबांना मालिश आवडत असेल तर हलक्या हाताने करा, बरं वाटेल, पण ते नसांचं औषध नाही. गोळ्यांच्या कोर्सचं मला जास्त भय वाटतं, कारण अशा गोळ्यांत बी सिक्स भरमसाट असू शकतं आणि बी सिक्स जास्त डोसने बरेच महिने घेतलं तर तेच नसा खराब करतं, बधिरपणा आणतं आणि रिफ्लेक्स घालवतं. आणि बी ट्वेल्व्ह न बघता नुसती फॉलिक ॲसिडची गोळी चालू केली तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. जी काही बाटली किंवा पाकीट ऑर्डर केलं असेल ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.

‘बाबांच्या नसा गेल्या का’ याचं सरळ उत्तर, अँकल जर्क गेला तर तो बहुतेक परत येणार नाही, पण तो नसल्याने बाबांचं चालणं-फिरणं अडत नाही. शुगर ताब्यात ठेवली तर पुढचं नुकसान सावकाश होतं. खरा धोका रिफ्लेक्स गेल्याचा नाही, पायाची जाणीव गेल्याचा आहे. म्हणून आता हातोडीच्या पुढची तपासणी करून घ्या, दहा ग्रॅमची एक नायलॉनची तार असते, मोनोफिलामेंट म्हणतात, ती तळपायावर ठिकठिकाणी टेकवून कळतंय का विचारतात, आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा, अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर जाणवते का बघतात, पायाची नाडीही हाताने बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, शुगरच्या प्रत्येक पेशंटचं वर्षातून एकदा व्हायलाच पाहिजे. बाबांना हेही विचारा, गादीवर चालल्यासारखं वाटतं का, रात्री तळपायांची आग होते का, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही असं झालंय का. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा, माणसं हे आपणहून सांगत नाहीत, चप्पलच सैल झालीये म्हणतात आणि नवीन घेतात.

वारीबद्दल. ताई, मी वारी बंद करा म्हणणार नाही, त्यांचं सगळं वर्ष त्या वाटेवर उभं असतं हे मला समजतं, आणि चालणं शुगरला चांगलंच आहे. पण मोनोफिलामेंट कळलं नाही तर अनवाणी चालणं थांबवावं लागेल, यात तडजोड नाही. तापलेल्या डांबराने फोड आला, खिळा घुसला, काटा मोडला, आणि काहीच दुखलं नाही, की माणूस त्याच पायावर दोन मुक्काम पुढे जातो, आणि मग जखम हाडापर्यंत जाते. शुगरच्या पेशंटचे पाय कापावे लागतात ते बऱ्याचदा अशा सुरुवातीला छोट्याच असलेल्या जखमेपायी. पुढून बंद, आतून मऊ, बोटांना ऐसपैस बूट, सुती मोजे, आणि नवीन बूट वारीच्या दोन महिने आधीपासून थोडे थोडे घालून सवय करायची, पहिल्याच दिवशी नवे बूट घालून निघायचं नाही. रोज मुक्कामाला पोचल्यावर दिंडीतल्या कुणीतरी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, किंवा बाबांनी आरशात. पाय गरम पाण्यात बुडवून शेकायचे नाहीत, पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पायाला कळणार नाही. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवरही हाच धोका आहे, सकाळी लवकर जा, मोजे घालू द्या. बाबा अनवाणीचा नेम मोडायला तयार होणार नाहीत, तर दिंडीप्रमुखांना किंवा ते ज्या महाराजांचं ऐकतात त्यांना आधी भेटून समजावून सांगा, तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांचा शब्द चालेल.

आता घाई कधी करायची ते. बाबांचं हे सगळं वर्षानुवर्षं हळूहळू झालेलं आहे. पण कुणाचेही पाय दोन-चार दिवसांत लुळे पडत गेले, आधी जिना चढता येईना, मग उठता येईना, मग हात, आणि रिफ्लेक्स गेलेले, तर तो जीबीएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो गिलन-बारे सिंड्रोम, असू शकतो आणि ती धावपळ करायचीच वेळ. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात याचे पेशंट एकदम वाढले होते, आठवत असेल, तेव्हा काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोट बिघडवणारा जंतू सापडला होता. त्यात श्वासाचे स्नायूही बंद पडू शकतात म्हणून आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. तसंच एकाएकी एका बाजूचा हातपाय पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी अडली आणि बसायची जागा बधिर झाली, तरी लगेच.

ही हातोडी जीव कशी वाचवते त्याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण न्यूरोलॉजीतलं नाहीच, लेबर रूममधलं आहे. बीपी वाढून झटके यायला लागलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट देतात, फार मोलाचं औषध, पण जास्त झालं तर श्वास थांबवतं. त्याच्या आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो. म्हणून प्रत्येक पुढच्या डोसच्या आधी सिस्टर श्वास मोजते, लघवी किती झाली बघते आणि गुडघ्यावर ठोका मारते, पाय हलला नाही तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. ग्रामीण रुग्णालयात मध्यरात्रीही हे असंच चालतं, ना मशीन लागतं ना रिपोर्टची वाट बघावी लागते. तिथे ‘ॲबसेंट’ लिहिलं गेलं तर त्याचा अर्थ वेगळा आणि तुमच्या बाबांच्या कागदावर वेगळा, शब्द तोच असला तरी.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. ज्या डॉक्टरांकडे शुगरचं चालू आहे त्यांच्याकडेच जा, न्यूरोलॉजिस्ट लगेच लागणार नाही. एका बाजूलाच त्रास असेल, ताकद कमी होत असेल, पटापट वाढत असेल किंवा बी ट्वेल्व्ह, शुगर यातून उत्तर मिळत नसेल तर ते स्वतःच पुढे पाठवतील आणि मग नसांची करंट लावून करतात ती एनसीएस तपासणी होईल. शिबिराचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, जुने शुगरचे रिपोर्ट सोबत ठेवा, आणि बाबा रोज वापरतात ती चप्पलही घेऊन जा, तळ कुठे झिजलाय आणि आत काही टोचतंय का हे डॉक्टरांना बघू द्या. मोजे काढून तळपाय तपासल्याशिवाय केबिनमधून उठू नका, डॉक्टर विसरले तर तुम्हीच सांगा, त्यात काही गैर नाही. बी ट्वेल्व्हचा रिपोर्ट आला की मला परत लिहा.